मेन स्विच कुठे आहे, हे अम्मीला माहीत नव्हतं

बुधवार, २५ सप्टेंबर २०१९. दांडेकर पुलाजवळच्या वस्तीत, आंबिल ओढ्याच्या काठाला आमच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. आधी मोरीतून पाणी उलटं वर आलं. नेहमीसारखं तुंबलं असेल असं समजून अम्मीने मोरीवर पोतं टाकलं आणि त्यावर पाटा ठेवला. पाच मिनिटांत दाराखालून पाणी आलं आणि मग ते थांबलंच नाही. घोटा, पोटरी, गुडघा. फ्रिज चालू होता. त्याची घरघर ऐकू येत होती आणि त्याच पाण्यात आम्ही चौघं उभे होतो: अम्मी, दादी, अकरावीतला माझा भाऊ आणि मी.

"मेन स्विच बंद कर," मी भावाला म्हणाले.

"कुठाय?"

मी अम्मीकडे बघितलं. वीस वर्षं त्या घरात राहिलेल्या माझ्या आईला मेन स्विच कुठे आहे ते माहीत नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं? मीटरची पेटी जिन्याखाली, सहा घरांची मिळून एक, तिला कुलूप, आणि आमची किल्ली अब्बांच्या रिक्षाच्या जुडग्यात. अब्बा स्वारगेटला गिऱ्हाइकाची वाट बघत होते. माझ्या फोनची बॅटरी संपलेली. शेजारच्या मुलाने त्याचा फोन पुढे केला तेव्हा कळलं की अब्बांचा नंबर आमच्यापैकी एकालाही पाठ नाही. तो 'अब्बू' या नावाने सेव्ह केलेला होता, बस.

नशीब म्हणायचं, तेवढ्यात सगळ्या भागाचीच वीज गेली. मग अंधारात अम्मी बुरखा शोधायला लागली. मी ओरडले, ती रडायला लागली, पण शोधायची थांबली नाही. यासाठी मी तिला हसत नाही. आयुष्यभर जिला सांगितलं की याच्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही, ती एका रात्रीत कसं विसरेल? समोरच्या भाजीवाल्या मावशी कमरेएवढ्या पाण्यातून आल्या, त्यांच्या मुलाने दादीला पाठीवर घेतलं, मावशींनी स्वतःची शाल अम्मीच्या डोक्यावर टाकली आणि म्हणाल्या, "चल गं बाई, आता मेलीस तर तुझा बुरखा मी घालू का?" तेव्हा आम्ही निघालो.

त्या रात्री पुणे शहर आणि जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं दगावली. खेड-शिवापूरजवळ एका दर्ग्यात आसऱ्याला झोपलेली माणसं झोपेतच वाहून गेली. आमच्या घरातलं कोणी गेलं नाही. गेला तो फ्रिज, अम्मीची शिलाई मशीन, आणि पलंगाखालच्या ट्रंकेतली फाईल.

या फाईलबद्दल मला बोलायचं आहे, आणि त्या किल्लीबद्दल.

चळवळीच्या कार्यक्रमात मी हा विषय काढते तेव्हा मुलं जांभया देतात. 'आपत्ती व्यवस्थापन' म्हटलं की शाळेतला तो एक धडा आठवतो, मॉक ड्रिलच्या दिवशी बाकाखाली बसलेली पोरं आणि हसणारे सर. संविधान, आरक्षण, तलाक, द्वेषाचं राजकारण यावर आपण तासन्‌तास बोलू. घरात पाणी शिरलं तर पहिली दहा मिनिटं कोण काय करणार, हा विषय मात्र आपल्याला बायकी वाटतो. टॉर्च, औषधं, प्लास्टिकची पिशवी, असली किरकोळ गोष्ट. माझं म्हणणं असं की आपल्या घरात कोणाला किती किंमत आहे, हे याच किरकोळ गोष्टीत उघडं पडतं.

आमची नानी कसबा पेठेतली. १२ जुलै १९६१ ला ती चौदा वर्षांची होती. त्या सकाळी बांधकाम पुरं न झालेलं पानशेत धरण फुटलं. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून ते थोपवून धरलं होतं, म्हणून पहाटेऐवजी दिवसाउजेडी पाणी शहरात आलं आणि हजारो लोक वाचले. पाठोपाठ खडकवासलाही फुटलं. नानी सांगायची, गल्लीत लोक पळत होते, "धरण फुटलं, पळा" म्हणत होते, आणि तिची आई दारात उभी राहून म्हणत होती, "हे आल्यावर जाऊ." हे म्हणजे माझे पणजोबा. ते कामाला गेलेले. त्यांना विचारल्याशिवाय घर कसं सोडायचं? शेवटी नानीच्या मामाने तिघींना अक्षरशः ओढत भवानी पेठेत नेलं. दुपारनंतर परत बघायला गेले तेव्हा वाड्याच्या जागी मातीचा ढीग होता.

१९६१ मध्ये "हे आल्यावर जाऊ". २०१९ मध्ये "अब्बांकडे किल्ली आहे". मधल्या अठ्ठावन्न वर्षांत आमच्या घरात टीव्ही आला, फ्रिज आला, मी कॉलेजात गेले. किल्ली तिथल्या तिथेच राहिली.

आता आपल्या नेहमीच्या उत्तरांकडे येते. ती मला तोंडपाठ झाली आहेत.

पहिलं उत्तर दादीचंच. "जो लिखा है वो होगा, बेटा." दादीने हे म्हटलं तर मी ऐकून घेते, कारण तिने आयुष्यात जे सोसलं त्याला तिच्यापाशी दुसरा आधार नव्हता. पण हेच वाक्य बावीस वर्षांचा, हातात स्मार्टफोन असलेला मुलगा म्हणतो तेव्हा तो आळस असतो, आणि त्याला ईमानाचा मुलामा दिलेला असतो. तकदीर मानणाऱ्यांसाठीच सांगते. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असं विचारणाऱ्याला रसूलांनी आधी बांध म्हणून सांगितलं, ही गोष्ट मदरशातलं लहान पोरही सांगेल. नूह यांनी जहाज पाऊस सुरू व्हायच्या आधी बांधलं. युसूफ यांनी सुकाळाच्या सात वर्षांत दुष्काळाचं धान्य साठवलं. हजरत उमर शामकडे निघाले असताना तिथे प्लेग पसरल्याचं कळलं आणि ते परत फिरले. अल्लाहच्या तकदीरीपासून पळता का, असं विचारल्यावर त्यांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा की, एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडेच जातो आहोत. मी काही आलिम नाही. पण या चारही गोष्टी मी मशिदीच्या भोंग्यावरूनच ऐकल्या आहेत. ऐकून घरी येतो आणि मीटरच्या पेटीची किल्ली खिशातच ठेवतो, असं का?

आणि ज्यांना वाटतं की मुसलमान समाज मुळातच असा नशिबावर हवाला ठेवणारा, त्यांनी बांगलादेशकडे बघावं. १९७० च्या भोला चक्रीवादळात तिथे किमान तीन लाख माणसं मेली. १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार. २००७ च्या सिद्रमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास. २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा, ऐन कोरोनात, चोवीस लाखांच्या आसपास लोक हलवले आणि तिथल्या मृतांचा आकडा दोन आकडी राहिला. समुद्र तोच, गरिबी थोडीफार कमी झालेली, धर्मही तोच. बदललं काय? १९७२ पासून तिथे स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, आज ती ७६ हजारांच्या वर आहे. ते गावोगाव हातात मेगाफोन घेऊन फिरतात, निशाणं लावतात, मशिदीच्या माईकवरून इशारे दिले जातात. आसरागृहं बांधली. आणि अजून एक गोष्ट झाली. १९९१ मध्ये पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त मेल्या होत्या. नवरा घरी नाही, त्याच्याशिवाय कसं निघायचं, परक्या पुरुषांच्या गर्दीत आसरागृहात कसं राहायचं, पोरं आणि साडी सावरत पाण्यातून कसं चालायचं. माझ्या पणजीचं वाक्य तिथे हजारो बायकांच्या तोंडी होतं. त्यातून त्यांनी धडा घेतला. आज त्या स्वयंसेवकांपैकी जवळजवळ निम्म्या बायका आहेत, आणि दार वाजवून "निघा" म्हणणारी बाई असली की आतल्या बाईला निघायला सोपं जातं. आमच्याकडे ते काम भाजीवाल्या मावशींनी केलं.

दुसरं उत्तर जास्त रास्त आहे: हे सरकारचं काम आहे, आमच्या डोक्यावर कशाला? हे मला मान्य आहे, आणि कोणी माझ्या लेखाचा अर्थ उलटा लावू नये म्हणून ठासून सांगते. ओढ्याचं पात्र आवळलं गेलं, नाल्यांवर बांधकामं झाली, यात भाजीवाल्या मावशींचा किंवा माझ्या अब्बांचा हात नाही. २९ जून २०१९ ला कोंढव्यात तालाब मशिदीच्या भागात सोसायटीची संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडली आणि पंधरा जण गेले, बहुतेक बिहारहून आलेले. त्या मजुरांनी घरी टॉर्च ठेवला असता तर वाचले असते असं म्हणणारा माणूस निर्लज्ज म्हणावा लागेल. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी मुठेत सोडलं. म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर, दहा हजार लिटरचे शंभर टँकर दर सेकंदाला. सिंहगड रोडला एकतानगरीतले लोक पहाटे उठले तेव्हा खालचे मजले पाण्यात होते, आणि आम्हाला वेळेवर कोणी सांगितलं नाही अशी त्यांची तक्रार होती. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत अंडाभुर्जीची गाडी पाण्यातून हलवताना तीन तरुण विजेचा धक्का बसून मेले. त्या तिघांबद्दल वाचलं तेव्हा मला आमच्या फ्रिजची घरघर ऐकू आली.

तर जाब विचारायचाच. पण एक बघा, जाब विचारायला जिवंत राहावं लागतं आणि हातात कागद लागतो. पंचनामा तलाठी करतो, तेव्हा तो तुमच्या दुःखाचा नाही, नुकसानीचा करतो, आणि त्याला आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, वीजबिल लागतं. आपत्तीत माणूस गेला तर सरकारी निकषाप्रमाणे वारसाला चार लाख मिळतात. वारस कोण हे कशावरून ठरणार? जे घरात पाणी शिरण्याआधी तयार नसतात, ते तहसील कचेरीच्या रांगेतही मागेच राहतात. हक्काची लढाई आणि घरातली तयारी यांत आडकाठी मला दिसत नाही. मला तर दुसरीशिवाय पहिली लंगडी वाटते.

आता ती फाईल. पूर ओसरल्यावर आम्ही ट्रंक उघडली. दादीच्या नावाचं जुनं रेशनकार्ड, १९९७ ची वीजबिलं, फोटोपास, अम्मीचा शाळा सोडल्याचा दाखला, निकाहनामा, माझी दहावीची मार्कशीट. सगळ्याचा मिळून एक राखाडी लगदा झाला होता. अम्मीने तो दोन दिवस पंख्याखाली वाळवला. वाळल्यावर त्याच्या पुठ्ठ्यासारख्या वड्या पडल्या. त्यात एका वडीवर 'शिवाजीनगर' एवढाच शब्द वाचता येत होता.

तीन महिने झाले नाहीत तोच डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा आला आणि आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात कागदांचं भूत शिरलं. आठवतंय ना? झेरॉक्सच्या दुकानांबाहेर रांगा. लॅमिनेशनवाल्याला जेवायला फुरसत नव्हती. सभा, मोर्चे, पत्रकं. मी सगळ्यांत होते, घोषणा देऊन माझा घसा बसला होता. आणि रोज रात्री घरी येऊन त्या वड्यांकडे बघत होते. मोर्चात ज्यांच्या हातात फाईल होती त्या माझ्या मैत्रिणींना मी विचारलं, ही घरी कुठे ठेवता? कोणी म्हणे पलंगाखाली, कोणी म्हणे माळ्यावर अब्बांच्या बॅगेत, कुलूप लावून. एकीने सांगितलं, "मला बघूच देत नाहीत, हरवेल म्हणतात." सरकार आमचे कागद मागेल या भीतीने आम्ही रस्त्यावर आलो, आणि ओढा तेच कागद न मागता घेऊन गेला होता. त्यावर सभा झाली नाही.

पुढे २४ जून २०२१ ला, ऐन पावसाळ्यात, आंबिल ओढ्याकाठची घरं पाडायला महापालिका आली. लोक आडवे पडले, न्यायालयाने स्थगिती दिली. आमचं घर त्या यादीत नव्हतं. पण त्या दिवसापासून वस्तीतल्या प्रत्येकाला एक तारीख पाठ झाली: १ जानेवारी २०००. झोपडपट्टीतल्या माणसाला त्या तारखेआधीपासून राहत असल्याचा पुरावा दाखवता आला तर मोफत पुनर्वसनाचं घर, नाहीतर वणवण. आमचा पुरावा १९९७ च्या वीजबिलांत होता. त्या कागदांच्या नकला परत मिळवायला अब्बांचे किती दिवस बुडाले याचा हिशेब मी करत नाही. एका कचेरीत तर साहेबांनी वड्या बघून विचारलं, "हे काय, पापड आणलेत का?"

तिसरं उत्तर ऐकून मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण त्यात आपला खरा अभिमान आहे. "आपली पोरं संकटात सगळ्यांच्या पुढे असतात." असतातच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापूरच्या मशिदी-मदरशांनी जात-धर्म न विचारता दारं उघडली. कोरोनात पुण्यात ज्या मृतदेहांना नातेवाईक हात लावत नव्हते त्यांचे अंत्यविधी मुस्लिम तरुणांनी केले, हिंदूंचे हिंदूंच्या पद्धतीने. आझम कॅम्पसमधल्या मशिदीचा मजला २०२० मध्ये विलगीकरणासाठी देऊ केला गेला. याबद्दल माझा ऊर भरून येतो. पण मित्रांनो, आपल्याला संकटानंतरचा मुसलमान व्हायला आवडतं. देग चढवायची, टेम्पो भरायचा, बॅनर लावायचा, फोटो काढायचा. आमच्या वस्तीत २०१९ च्या पुरानंतर तीन दिवस इतकं जेवण आलं की फेकावं लागलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघी मैत्रिणींनी त्याच देणाऱ्यांपैकी काहींना विचारलं, पावसाळ्याआधी घरटी एक वॉटरप्रूफ पाकीट आणि एक टॉर्च द्याल का? उत्तर आलं की जकातीत हे बसतं का ते विचारून सांगतो. अजून विचारतायत.

आणि त्या रात्रीची एक गोष्ट मी आजवर फक्त घरातल्यांशी बोलले आहे. आम्ही ओढ्याच्या वर, मुख्य रस्त्याला आलो. जवळ एक मशीद होती. पक्की इमारत, वर मोठा हॉल, पाण्याची टाकी, संडास, जनरेटर. दिवे चालू होते. भिजलेली पुरुषमाणसं, पोरं वर जात होती. माझा भाऊ गेला. आम्ही तिघी पायरीवर आलो तेव्हा एक गृहस्थ, वागायला अगदी नम्र, म्हणाले, "खाला, बायकांची सोय नाही इथे, तुम्ही पलीकडच्या शाळेत जा." शाळेला कुलूप होतं. पहाटे तीनपर्यंत आम्ही एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो, मावशी आमच्याबरोबर. दादीचे कपडे अंगावरच वाळले. तिला त्यानंतर जो खोकला लागला तो दिवाळीपर्यंत होता. मशिदीचं नाव मी लिहीत नाही. ते गृहस्थही वाईट नव्हते. त्यांनी फक्त आधी कधी विचार केला नव्हता, आणि अशा रात्री विचार करायला वेळ नसतो. त्याच वर्षी पुण्यातल्या एका दांपत्याने बायकांना मशिदीत नमाजासाठी प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. त्यावर आपल्याकडे जी चर्चा झाली ती सगळी नमाजाची. मोहल्ल्यातली सगळ्यात उंच, सगळ्यात मजबूत, भोंगा असलेली इमारत पुराच्या रात्री अर्ध्या मोहल्ल्याला बंद असते, यावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक मशिदीच्या जमातीने या मे महिन्यात लिहून ठरवावं: पुराच्या, आगीच्या रात्री दार कोण उघडणार, किल्ली आणखी दोन कोणाकडे, बायका-मुलं कुठल्या मजल्यावर, माईकवरून इशारा कोण देणार. आणि मराठीत, हिंदीत दोन्हीत द्यावा, म्हणजे भाजीवाल्या मावशींनाही कळेल. यात फतव्याची गरज नाही.

घरातल्या तयारीचं म्हणाल तर त्यात गूढ काही नाही, आणि "आम्ही गरीब, कसली तयारी" हे उत्तरही टिकत नाही. आमच्या घरात काय बदललं ते सांगते. मीटरच्या पेटीची किल्ली आता सहाही घरांत एकेक आहे, आणि बारा वर्षांवरच्या प्रत्येकाने कोरडे हात आणि कोरडी चप्पल असताना मेन स्विच पाडून दाखवला आहे. पाणी आधीच शिरलं असेल तर स्विचला हात लावायचा नाही, वीज कंपनीला १९१२ वर कळवायचं आणि बाहेर पडायचं, हेही. गॅसचा रेग्युलेटर काढता येणं फक्त अम्मीलाच येत होतं, आता अब्बा आणि भाऊही शिकले. वास आला तर आधी रेग्युलेटर बंद, खिडक्या उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, ना चालू ना बंद, आणि बाहेर जाऊन १९०६ फिरवायचा. जुन्या पेठांत राहणाऱ्यांना तर आगीची भीती पाण्यापेक्षा मोठी आहे. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळच्यांना ते सांगायला नको. गल्लीत आडव्या लावलेल्या दुचाक्यांमुळे बंब अडतो तेव्हा दोष बंबाला देऊन चालत नाही.

फाईलमधला प्रत्येक कागद स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये आणि माझ्या ईमेलवर टाकला. मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पाकिटात, पाकीट भिंतीवर डोक्याच्या वर खिळ्याला टांगलेलं. कुलूप नाही. ते अम्मीच्या ताब्यात आहे. अब्बांना हे पचायला दोन महिने लागले. "हरवलं तर?" ते विचारायचे. अम्मीने एकदा शांतपणे विचारलं, "तुमच्याकडे होतं तेव्हा काय झालं?" त्यानंतर विषय निघाला नाही.

त्याच खिळ्याला दुसरी पिशवी: टॉर्च, शिट्टी, दादीच्या बीपीच्या गोळ्या दहा दिवसांच्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स, सॅनिटरी पॅड, थोडे सुटे पैसे, भरलेली पॉवर बँक, दोन बाटल्या पाणी, खजूर आणि शेंगदाणे. आणि अम्मीची एक मोठी शाल, हाताला पहिली लागेल अशी. बुरखा घालावा की नाही हा तिचा प्रश्न, पण त्याच्या शोधात जीव जायला नको. नंबर पाठ करायचे चार: अब्बांचा, अम्मीचा, ११२ आणि १०८. भिंतीवर खडूने लिहिले आहेत, दादीला दिसतील एवढ्या मोठ्या अक्षरात.

सगळं मिळून हजार रुपयांच्या आत झालं, पॉवर बँक सोडून. माझ्या चुलतभावाच्या वलिम्यात नुसत्या लाइटिंगला किती गेले ते मला माहीत आहे, पण लिहिलं तर घरात भांडण होईल.

विम्याबद्दल एकच सांगते. विमा हलाल की हराम यावर उलेमांत मतभेद आहेत, तो वाद मी मिटवू शकत नाही. पण ज्या अब्बांनी "विमा हराम" म्हणून वर्षाला वीस रुपयांची सुरक्षा विमा योजना नाकारली होती, ते रिक्षाचा विमा दरवर्षी न चुकता भरतात, कारण त्याशिवाय पासिंग होत नाही. मी म्हटलं, रिक्षाला चालतो तो तुम्हाला का नाही? अपघाती दोन लाखांचं संरक्षण त्या वीस रुपयांत आहे. त्यांनी फॉर्म भरला. वारसाच्या रकान्यात अम्मीचं नाव लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा अम्मीने अब्बांच्या एका कागदावर स्वतःचं नाव वाचलं.

मागच्या रविवारी आम्ही घरातल्या घरात सराव केला. भावाने शिट्टी वाजवली, मी मेन स्विच पाडला, अम्मीने पाकीट आणि पिशवी काढली, अब्बांनी दादीला उचललं. गल्लीतून वर मुख्य रस्त्यापर्यंत पोचायला नऊ मिनिटं लागली. त्यातली तीन दादीच्या पानदानात गेली, ते घेतल्याशिवाय ती उठायलाच तयार नव्हती. आता पानदान पिशवीशेजारी टांगलं आहे. येत्या रविवारी पुन्हा करणार आहोत, अब्बा रिक्षा घेऊन बाहेर असतील तेव्हा.